वसईच्या मुलांना नागासाकीला नेताना: ग्रुपसोबत जाणाऱ्या मोठ्यांसाठी

संत गोन्सालो गार्सियाच्या नावाचं कॉलेज वसईत आहे, गासला चर्च आहे, धर्मशिक्षणाच्या वर्गात दरवर्षी त्याच्यावर निबंध होतो, पण मुलांना विचारा की तो जपानला कसा पोहोचला आणि कुठे मरण पावला, तर बहुतेकांची गाडी "जपानमध्ये" या शब्दावर थांबते. हा वसईचा संत जपानमधल्या नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर हुतात्मा झालेल्या 26 जणांपैकी एक, म्हणून युवा संघातल्या मुलांना एकदा तरी नागासाकीला न्यावं असं मला मनापासून वाटतं. आता बऱ्याच धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) याची बोलणी चालू आहेत आणि फादर किंवा सिस्टर ज्यांना "तुम्ही पण चला मुलांबरोबर" म्हणतात त्या शिक्षकांना, युवा संघ चालवणाऱ्या अ‍ॅनिमेटर लोकांना नेमकं काय करायचं ते कोणी सांगत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते. सोबत जाणाऱ्या मोठ्यांचं 70 टक्के काम विमानात बसायच्या आधी संपलेलं असायला हवं. तिथे पोहोचल्यावर तुमचं डोकं तिकीट, पासपोर्ट आणि जेवणात अडकलं तर मुलं निशिझाका टेकडीवर पाच मिनिटं सेल्फी काढून खाली येतील आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. व्यवस्था चोख हवी ती एवढ्यासाठी, की तिथे मुलांना शांत उभं राहायला वेळ मिळावा.

पहिला प्रश्न कधी जायचं. त्या 26 हुतात्म्यांचा दिवस 5 फेब्रुवारी, 1597 सालचा. त्या सुमाराला जाणं सगळ्यात सुंदर, पण फेब्रुवारीत आपल्याकडे बोर्डाच्या परीक्षा असतात, म्हणजे दहावी बारावीची मुलं बाद, आणि नागासाकीला तेव्हा चांगलीच थंडी, वसईच्या मुलांकडे तसे कपडेही नसतात. दिवाळीची सुट्टी सगळ्यात सोयीची, हवा छान असते. मे महिन्यात जायचं तर पहिला आठवडा टाळा, जपानमध्ये तेव्हा गोल्डन वीकच्या सुट्ट्या असतात, हॉटेलं फुल आणि महाग, आणि जून लागला की पाऊस. अजून एक, 2027 मध्ये जागतिक युवा दिन, म्हणजे कॅथलिक तरुणांचा मोठा मेळावा, कोरियात सोलला आहे, 3 ते 8 ऑगस्ट, कॉलेजची बरीच मुलं तिकडे जाणारच आहेत. सोल ते फुकुओका विमानाने दीड तासाच्या आसपास. 8 तारखेला तिकडचा कार्यक्रम संपतो आणि 9 ऑगस्ट हा नागासाकीवर अणुबॉम्ब पडला तो दिवस. जोडून जमलं तर फारच मोठी गोष्ट होईल, फक्त त्या दिवशी शहरात प्रचंड गर्दी असते म्हणून राहायचं बुकिंग खूप आधी करा, शिवाय कोरिया आणि जपानचे व्हिसा वेगवेगळे लागतात, आणि ऑगस्ट म्हणजे उकाडा प्लस वादळांचा सीझन.

कागदपत्रं. अठरा वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट साधारणपणे पाचच वर्षांचा असतो, त्यामुळे "पासपोर्ट आहे की" असं आईवडील म्हणतात तेव्हा तो उघडून तारीख स्वतः बघा. आणि आडनावं! आपल्याकडे डिसोझा, डिमेलो, घोन्साल्विस यांची स्पेलिंगं आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर एक आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तिसरंच. तिकीट नेहमी पासपोर्ट हातात घेऊन, अक्षर अक्षर बघून काढायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या नावावरून कधीच नाही. व्हिसाचा अर्ज मुंबईत व्हीएफएस या व्हिसा अर्ज घेणाऱ्या कंपनीमार्फत जातो, त्यात रोजचा कार्यक्रम लिहून द्यावा लागतो, पालकांचे बँक स्टेटमेंट आणि रिटर्न लागतात, आणि लहान मुलांसाठी जन्मदाखला आणि दोन्ही पालकांचं संमतीपत्र तयार ठेवा. हा व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो म्हणून उत्साहात फार लवकर अर्ज करू नका, निघायच्या दीड दोन महिने आधी ठीक. संमतीपत्र नोटरी करून घ्या आणि त्यात एक वाक्य हवंच, की तातडीच्या वेळी उपचारांचा निर्णय अमुक दोन व्यक्ती घेऊ शकतात. ते वाक्य नसेल तर रात्री दोन वाजता मुलाच्या बाबांना फोन लागेपर्यंत सगळे ताटकळत बसतात.

पैसे धर्मग्रामाच्या खात्यात घ्या, पावती द्या. कोणा एकाच्या जीपेवर गोळा करू नका, तो माणूस कितीही सज्जन असला तरी. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलं तर वर टीसीएस म्हणजे आगाऊ कर लागतो, तो पालकांना रिटर्न भरताना परत मागता येतो पण आधी खिशातून जातोच, हे पहिल्याच मीटिंगमध्ये सांगा, नाहीतर शेवटच्या हप्त्याला चेहरे पडतात.

पालकांची मीटिंग एकदा सगळ्यांची आणि मग प्रत्येक घराशी पाच मिनिटं वेगळी. ही वेगळी पाच मिनिटं फार कामाची. कारण चारचौघांत कोणी सांगत नाही की मुलगा झोपेत चालतो, अजून कधी कधी अंथरूण ओलं होतं, मुलीला पाळीत चक्कर येते, मागच्या वर्षी आजी गेल्यापासून तो घाबरून उठतो. हे सगळं माहीत असलं तर रूम लावताना आणि रात्री लक्ष ठेवताना किती फरक पडतो ते सांगायला नको. हे ज्या कागदावर लिहिता तो फक्त दोन जणांकडे राहील हे पालकांना सांगा आणि तसंच वागा.

औषधांबद्दल जपान फार कडक आहे. कोडीन असलेली खोकल्याची औषधं, सुडोएफेड्रिन 10 टक्क्यांपेक्षा जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या, हे बॅगेत नको. अ‍ॅम्फेटामिन असलेली औषधं तर डॉक्टरची चिठ्ठी असली तरी चालत नाहीत, म्हणून लक्ष एकाग्र होण्यासाठी एखादं मूल गोळ्या घेत असेल तर डॉक्टरांना नेमका घटक विचारून घ्या. रोजची औषधं एका महिन्यापेक्षा जास्त न्यायची तर आधी परवानगी काढावी लागते, तिला युन्यू काकुनिन-शो म्हणतात, आपल्या आठ दहा दिवसांच्या ट्रिपला ती वेळ सहसा येत नाही. औषधं मूळ पाकिटातच, चिठ्ठी इंग्रजीत. आणि खाऊ! पोर्कचं लोणचं, सॉसेज, कुठलाही मांसाचा पदार्थ जपानमध्ये नेता येत नाही, ताजी फळं आणि कढीपत्तासुद्धा नाही. आज्या प्रेमाने केळी आणि सॉसेजचा डबा बॅगेत सरकवतात, म्हणून ही यादी मराठीत छापून घरोघरी द्या, इंग्रजी पत्रक आजीपर्यंत पोहोचत नाही.

आता सगळ्यात गंभीर भाग, याच्यात संकोच करायचा नाही. सहा मुलांमागे एक मोठा माणूस हे माझं प्रमाण आहे, आणि मुली असतील तर बायका हव्यातच, एक नाही किमान दोन, कारण एक आजारी मुलीबरोबर हॉस्पिटलला गेली तर बाकीच्या मुलींजवळ कोण? मुलांच्या आणि मुलींच्या खोल्या वेगळ्या मजल्यावर मिळाल्या तर उत्तम. कुठलाही मोठा माणूस मुलाबरोबर एका खोलीत झोपणार नाही, बंद दाराआड एकटा थांबणार नाही. ताप आलाय, कपाळावर पट्टी ठेवायचीय, तरी दोन मोठे आणि दार उघडं. पापनिवेदन चर्चमध्ये, सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी. मुलांना रात्री पर्सनल मेसेज नाहीत, जे सांगायचं ते ग्रुपवर. हे नियम फादरांना, सिस्टरांना, मला, सगळ्यांना सारखेच लागू आणि ते पालकांसमोर मोठ्याने वाचून दाखवायचे. आपल्याकडे "आपलीच माणसं आहेत, कशाला हे" असं म्हणणारे भेटतात, त्यांना शांतपणे सांगा की नियम मुलांसाठी आहेत. आणि मुलाने लैंगिक छळाची काही तक्रार केली तर ती घरातली गोष्ट म्हणून दाबता येत नाही, मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, हे सोबत येणाऱ्या प्रत्येकाने सही करून मान्य करावं. कोणी सही करायला कुरकुर करत असेल तर त्यांना नेऊ नका.

दारू सिगारेटचं वय जपानमध्ये 20 आहे, त्यामुळे कॉलेजच्या 18-19 वर्षांच्या पोरांनी "आम्ही मोठे झालो" म्हणायची सोय नाही. दुकानात मशीनमध्ये बिअर सहज दिसते म्हणून आधीच बोलून घ्या.

जायच्या आधी तीन चार रविवार मुलांना गोष्ट सांगा. नुसत्या तारखा नकोत. वसईत पोर्तुगीज 1534 ते 1739, त्या काळातला हा मुलगा, बाप पोर्तुगीज, आई इथली. जेझुइट फादरांकडे शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, भाषा इतकी छान आली की लोक त्याचं ऐकत बसायचे. मधे व्यापार केला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि 1593 मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचा दुभाषा म्हणून परत जपानला. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने गोन्सालो आणि त्याच्या सोबत्यांना क्रुसावर मारायचा हुकूम काढला तेव्हा क्योटोपासून नागासाकीपर्यंत ऐन थंडीत साधारण महिनाभर चालवत नेलं त्यांना. 1862 मध्ये संतपद मिळालं. आणि मुलांना हे नक्की सांगा की त्या 26 जणांत तीन मुलं होती, लुईस इबाराकी 12 वर्षांचा, अंतोनियो 13 चा, तोमास कोझाकी 14 चा. तोमासने वाटेतून आईला पत्र लिहिलं होतं, त्याचा बापही त्याच रांगेत होता. सातवी आठवीच्या मुलांसमोर हे सांगितलं की वर्गात एकदम शांत होतं, कारण ते स्वतःच्याच वयाचं मूल डोळ्यासमोर आणतात.

प्रवास. सोपा मार्ग म्हणजे फुकुओकाला उतरून तिथल्या हाकाता स्टेशनहून ट्रेनने नागासाकी, दीड तास लागतो. फक्त मधे ताकेओ-ओन्सेनला गाडी बदलावी लागते, पहिली एक्स्प्रेस आणि पुढे शिनकानसेन म्हणजे बुलेट ट्रेन, दोन्ही एकाच प्लॅटफॉर्मवर समोरासमोर उभ्या असतात पण वेळ मोजून तीन चार मिनिटं. तिथे एक मोठा माणूस सगळ्यात आधी उतरून समोरच्या डब्याच्या दारात उभा राहील, एक सगळ्यात शेवटी सीटखाली बघून उतरेल, आणि बॅगा दोन स्टेशनं आधीच हातात. वेळ आणि पैसे असतील तर क्योटोहून सुरुवात करा. जो रस्ता त्यांनी महिनाभर पायी कापला तो ट्रेनने पाच तासांत, खिडकीतून बघत, डब्यात हळू आवाजात रोझरी म्हणत. हळू आवाजात हे खरंच पाळा, तिकडे ट्रेनमध्ये लोक फोनवरही बोलत नाहीत, आणि आपल्या पोरांचा आवाज विरार लोकलमध्ये तयार झालेला असतो.

मुलं मोजायची पण पद्धत ठरवा. मोठ्याने एक दोन तीन नको. चार चार मुलांचे गट, प्रत्येकाचा एक मॉनिटर, तो आपले चार बघून हात वर करतो, तुम्ही फक्त हात मोजता. नागासाकीत फिरायला ट्राम आहे, मागच्या दाराने चढायचं, उतरताना पुढे ड्रायव्हरजवळ पैसे टाकायचे किंवा कार्ड टेकवायचं. डबा छोटा असतो, 20 मुलं एकदम घुसली तर तिथल्या म्हाताऱ्या लोकांना बसायला जागा राहत नाही, म्हणून दोन ट्राममध्ये विभागून जा. मुलांना एकच नियम पाठ करायला लावा: चुकलास तर जिथे आहेस तिथेच थांब, आम्ही परत येतो. शोधायला निघायचं नाही.

पासपोर्टबाबत आपली सवय अशी की सगळे गोळा करून एका पिशवीत टीचरकडे. जपानमध्ये 16 वर्षं आणि त्यावरच्या परदेशी माणसाला पासपोर्ट स्वतःजवळ बाळगावा लागतो, पोलिसांनी विचारला तर दाखवावा लागतो. म्हणून मोठ्या मुलांना गळ्यातल्या पाकिटात, शर्टाच्या आत, आणि सोळाच्या आतल्यांचे तुमच्याकडे. फोटो कॉपी वेगळ्या बॅगेत आणि एक सेट वसईत कोणाकडे तरी.

राहण्याच्या ठिकाणी अंघोळीची सोय आधी विचारा. बऱ्याच स्वस्त जागी एकत्र अंघोळीचं मोठं न्हाणीघर असतं, कपडे न घालता. आपल्या मुलांना, खास करून मुलींना, हे अचानक कळलं तर त्या तीन दिवस अंघोळच करणार नाहीत. खोलीत बाथरूम असलेली जागा थोडी महाग पडली तरी घ्या.

खाण्याचं टेन्शन घेऊ नका, आपण भातमासळी खाणारी माणसं. नाक्यावरच्या कोनबिनी दुकानात ओनिगिरी, उकडलेली अंडी, सगळं मिळतं. चानपोन म्हणजे नागासाकीच्या नूडल्स, त्यात पोर्क आणि कोलंबी शिंपल्या असतात, अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या खिशात जपानी भाषेत छापलेलं कार्ड हवंच. आणि कास्तेला केक नक्की खाऊ घाला, पोर्तुगीजांनी तिथे नेलेला, मुलं म्हणतात "हा तर आपल्यासारखाच".

भूकंपाचा अलर्ट फोनवर जोरात वाजतो, मुलं दचकतात, म्हणून पहिल्याच रात्री सांगा: टेबलाखाली, डोकं झाका, धावायचं नाही, समुद्राजवळ असू तर लगेच उंचावर. सेफ्टी टिप्स नावाचं अ‍ॅप इंग्रजीत आहे, सगळ्या मोठ्यांच्या फोनमध्ये टाका. अ‍ॅम्ब्युलन्स 119, पोलीस 110. हॉस्पिटल बऱ्याचदा आधी पैसे मागतं, म्हणून इन्शुरन्स असला तरी एका कार्डवर भरपूर लिमिट मोकळं ठेवा. घरी फोन करायची वेळ एकच ठरवा, ते आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहेत, त्यांचे रात्रीचे नऊ म्हणजे आपले साडेपाच, नेमके पालक ट्रेनमध्ये लटकलेले.

आता ज्याच्यासाठी गेलो ते. निशिझाका टेकडी नागासाकी स्टेशनपासून चालत पाच मिनिटं. पहिल्याच सकाळी तिथे जा, शॉपिंग आधी ठेवू नका. 1962 मध्ये, संतपदाला शंभर वर्षं झाली तेव्हा, तिथे स्मारक आणि म्युझियम उभं राहिलं. शिल्पकार फुनाकोशी यासुताके. ब्रॉन्झच्या 26 आकृत्या एका रांगेत, पाय जमिनीवर टेकलेले नाहीत, खाली लोंबतायत. त्यातल्या तीन बुटक्या. मुलांना काही न सांगता त्या शोधू द्या. आमच्या ग्रुपमधला एक आठवीतला मुलगा, वर्गात एक मिनिट गप्प न बसणारा, सगळ्यात छोट्या आकृतीच्या खाली गेला आणि आपली उंची हाताने मोजून बघत राहिला, कोणी हाक मारली नाही त्याला. अशा वेळी हाक मारायची नसते, वेळापत्रक मागे पडलं तर पडू दे. नंतर गोन्सालो गार्सियाचं नाव शोधा, "वसईचा" म्हणून एक प्रार्थना मराठीत म्हणा आणि सामवेदी बोली येत असेल तर त्यात गाणं म्हणा, त्या टेकडीवर वसईची भाषा ऐकू यायलाच हवी. तिथे मिस्सा करायची तर म्युझियमला आधी लिहा, फादरांचं ओळखपत्र सोबत. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये पोप फ्रान्सिस इथे आले होते तेही सांगा.

ओउरा चर्च दुसऱ्या दिवशी. त्याच 26 जणांना अर्पण केलेलं. आत फोटो काढायला बंदी आहे. 17 मार्च 1865 ला नागासाकीच्या उराकामी भागातले शेतकरी इथे फादर पतीजाँकडे आले आणि आम्ही तुमच्याच श्रद्धेचे आहोत म्हणून हळूच सांगितलं, ख्रिस्ती धर्मावर बंदी, अडीचशे वर्षं फादर नाहीत, चर्च नाही, तरी घरात प्रार्थना टिकवलेली. हे तिथेच, बाकावर बसून सांगा, बसमध्ये माइकवर नको. सोतोमे भागातल्या किंवा गोतो बेटांवरच्या जुन्या चर्चना जायचं असेल तर कित्येक ठिकाणी आधी कळवावं लागतं, तिथे आजही मोजकी म्हातारी माणसं प्रार्थनेला येतात, आपण पर्यटक बनून घुसायचं नाही.

उराकामी कॅथेड्रल आणि अणुबॉम्ब म्युझियम एकाच दिवशी ठेवा पण त्या दिवशी दुसरं काहीही नको. बॉम्ब 11 वाजून 2 मिनिटांनी फुटला, कॅथेड्रलपासून साधारण अर्धा किलोमीटरवर, आत पापनिवेदनासाठी आलेले लोक होते. पडलेला घंटेचा मनोरा अजून उताराखाली तसाच ठेवलाय. 2025 मध्ये 9 ऑगस्टला अमेरिकेतल्या कॅथलिकांनी दिलेल्या घंटेमुळे 80 वर्षांनी तिथे पुन्हा दोन घंटा एकत्र वाजल्या, मुलांना हे फार भिडतं. म्युझियममधले जळालेल्या माणसांचे फोटो लहान मुलांना जड जातात, ज्यांना नको त्यांच्याबरोबर एक मोठा माणूस बाहेर थांबेल हे आधी जाहीर करा, म्हणजे कोणाला लाज वाटणार नाही. बाहेर आल्यावर लगेच चर्चा नको, अर्धा तास बागेत मोकळं सोडा. रडणाऱ्या मुलाला गप्प करू नका, शेजारी बसा. जेवणानंतर गोल करून ज्याला बोलायचं त्याने बोलावं, आणि त्या रात्री खोल्यांच्या बाहेर एक फेरी जास्त मारा, काही मुलांना झोप लागत नाही.

परत आल्यावर आठवड्याभरात पालकांना बोलवा, हिशोब पावत्यांसकट समोर ठेवा, उरलेले पैसे परत करा. काही घडलं असेल, छोटंसुद्धा, तर लेखी नोंद फादरांकडे. मुलांना पुढच्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात स्वतः सांगू द्या, तुम्ही मागे बसा. आणि पालकांनी विश्वासाने दिलेले ते आजारपणाचे कागद त्यांच्यासमोर फाडून टाका, फोनमधले फोटोही डिलीट करा.